डोळ्याच्या कोपऱ्यातली न दुखणारी गाठ

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण. टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना)



स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, निवडणं-टिपणं चालू असेल तर तेही चालू द्या. फक्त कान इकडे असू द्या. टेंभुर्णीच्या आम्ही बाया आज तुमच्याशी डोळ्यातल्या एका गाठीबद्दल बोलणार आहोत.

गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “दुखत नाही ना, मग कशाला दवाखाना?” कापूस वेचायचा असतो, सोयाबीन काढायचं असतं, पोरांची शाळा असते. जे दुखतं त्याच्यासाठीच वेळ काढणं मुश्कील, मग जे दुखत नाही त्याच्यासाठी कोण जालन्याची एसटी धरणार? पण शरीरात काही गाठी अशा असतात की त्या न दुखता, वर्षानुवर्षं, गुपचूप वाढतात. डोळ्याजवळची गाठ अशी वाढली तर जाते ती नजर.

आजचा विषय आहे अश्रूंच्या ग्रंथीत, नसेच्या आवरणातून वाढणारी साधी गाठ. साधी म्हणजे कॅन्सर नसलेली. आम्ही आधीच सांगतो, ही गाठ फार म्हणजे फारच दुर्मीळ आहे. जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवलेले तिचे रुग्ण मोजकेच आहेत. मग आपण टेंभुर्णीत बसून तिच्याबद्दल का बोलायचं? कारण त्या जागेवर कोणतीही गाठ आली तरी ती ओळखायचा रस्ता एकच आहे. साधी असो, वाईट असो, दुर्मीळ असो की नेहमीची, बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. रस्ता नीट धरला तर प्रत्येक गाठीचं खरं नाव कळतं. रस्ता चुकला तर साधी गाठसुद्धा महागात पडते.

अश्रू कुठून येतात?

मिरची तोडताना चुकून बोट डोळ्याला लागलं की क्षणात धार लागते. हे पाणी येतं कुठून? पुष्कळ जणींना वाटतं, नाकाजवळच्या कोपऱ्यातून. तसं नाही. अश्रूंची मोठी ग्रंथी असते वरच्या पापणीच्या आत, कानाकडच्या बाजूला. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली बोट ठेवा. तिथे हाडाची कड लागते. त्या कडेच्या आतल्या खोबणीत बदामाएवढी, बदामाच्याच आकाराची ही ग्रंथी बसलेली असते. तिच्यातून दहा-बारा बारीक नळ्या निघतात आणि वरच्या पापणीच्या आत उघडतात. पाणी तिकडून येतं, डोळा धुतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरतं. म्हणून तर रडताना नाक गळतं. शेताला वरच्या बांधाकडून पाणी द्यावं आणि खालच्या बांधाकडून ते निघून जावं, तसंच हे.

हे एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. नाकाकडच्या कोपऱ्यात सूज आली, पू आला, तर ते बहुतेक पाणी वाहून नेणाऱ्या पिशवीचं दुखणं. आपल्याकडे त्यालाच डोळ्याचा नासूर म्हणतात. पापणीच्या केसांच्या कडेला लाल, ठणकणारी पुटकुळी आली तर ती रांजणवाडी. पण कानाकडच्या बाजूला, वरच्या पापणीच्या आत, भुवईच्या टोकाखाली फुगवटा आला, तर तो अश्रुग्रंथीकडचा असू शकतो. आपण त्याबद्दल बोलतो आहोत.

नसेचं आवरण म्हणजे काय?

विहिरीवरच्या मोटारीची केबल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आत तांब्याच्या तारा, वरून आवरण. आवरणामुळे वीज इकडेतिकडे जात नाही. आपल्या शरीरातही मेंदूकडे निरोप नेणाऱ्या आणि मेंदूकडून आणणाऱ्या अशाच तारा आहेत. बोलीत आपण त्यांना नसा म्हणतो, पुस्तकात मज्जातंतू म्हणतात. लक्षात घ्या, रक्ताच्या नसा वेगळ्या, या वेगळ्या. या तारांवरही आवरण असतं आणि ते जिवंत पेशींचं असतं. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचव्या मज्जातंतूची एक बारीक फांदी अश्रुग्रंथीपर्यंत जाते. वरच्या पापणीच्या बाहेरच्या भागाला स्पर्श कळतो तो तिच्यामुळेच.

या आवरणातल्या पेशी कधी कधी कारण नसताना वाढत जातात आणि गाठ तयार होते. तिचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिलीचं नाव श्वानोमा. नाव ऐकून हसू नका, कुत्र्याशी तिचा काहीही संबंध नाही! थिओडोर श्वान (१८१०–१८८२) नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते. आवरणाच्या पेशींना त्यांचं नाव मिळालं, त्या पेशी ‘श्वान पेशी’ झाल्या आणि त्यांची गाठ ती श्वानोमा. काही कागदांवर तिलाच न्यूरिलेमोमा लिहिलेलं असतं. दोन्ही नावं एकाच गाठीची. ही गाठ केबलच्या एका अंगाला फुगते, आतल्या तारांना बाजूला सारते. तिला स्वतःची पातळ पिशवी असते. त्यामुळे बहुतेक वेळा ती सोडवून पूर्ण काढता येते.

दुसरीचं नाव न्यूरोफायब्रोमा. हिच्यात आवरणाच्या पेशी, नसेच्या तारा आणि तंतू असं सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. एकटीदुकटी असेल तर काढता येते. पण हिचा एक पसरणारा प्रकार आहे. तो शेतातल्या हराळीसारखा. वरून थोडी दिसते, पण मुळ्यांचं जाळं सगळीकडे. हाताला गांडुळांच्या पिशवीसारखी लागते. ती मुळासकट काढणं अवघड असतं.

म्हणून गाठ साधी आहे एवढं कळून भागत नाही. कोणती साधी, हेही कळावं लागतं.

घरी काय दिसतं?

ही गाठ हळूहळू वाढते. महिने जातात, कधी वर्षं जातात. रोज आरशात पाहणाऱ्या बाईला स्वतःला फरक कळत नाही. माहेरी बऱ्याच दिवसांनी गेलं की आई म्हणते, “अगं, तुझा डोळा बारीक का दिसतोय?” तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नका.

पाहायच्या गोष्टी या. वरच्या पापणीचा बाहेरचा भाग जड, फुगलेला दिसतो. पापणीची कड सरळ न राहता इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. बुबुळ दुसऱ्या डोळ्यापेक्षा थोडं खाली आणि नाकाकडे सरकलेलं दिसतं, कारण गाठ वरून आणि बाहेरून ढकलत असते. डोळा पुढे आल्यासारखा वाटतो. एकाच्या दोन वस्तू दिसतात. सुईत दोरा ओवताना, मोबाईलवरचा निरोप वाचताना धूसर दिसतं. कपाळाच्या किंवा पापणीच्या त्या बाजूला मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं.

आता एक सोपी युक्ती. मैत्रिणीला खाली बसवा, तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा. तिला मान थोडी मागे करायला सांगा आणि कपाळावरून खाली पाहा. दोन्ही डोळे सारखेच पुढे आहेत की एक जास्त, हे वरून लगेच कळतं. डोळ्याचे डॉक्टरही असंच पाहतात.

दुसरी युक्ती जुन्या फोटोंची. लग्नाचा अल्बम काढा, आधारकार्ड काढा, मतदान ओळखपत्र काढा. आजचा चेहरा आणि तो चेहरा शेजारी ठेवा. सूज कधीपासून आहे हे फोटो सांगतात. डॉक्टरांकडे जाताना हे फोटो सोबत न्या. “किती दिवसांपासून?” या प्रश्नाचं फोटोइतकं पक्कं उत्तर आपल्या आठवणीकडे नसतं आणि या गाठीच्या तपासात हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा.

काय करू नका

गाठ दाबून, चोळून पाहू नका. बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. पापणीची कातडी पातळ असते, ती जळाली की पापणी आखडते आणि डोळा मिटत नाही. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, त्याने बुबुळाला इजा होते. गावातल्या कुणालाही सुई टोचू देऊ नका.

आणखी एक. दुकानातून मनाने गोळ्या किंवा थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर सूज काही दिवस उतरते आणि वाटतं, बरं झालं. पण काही आजार त्या औषधाने नुसते लपतात, आणि नंतर तपासणीत सापडणं अवघड होतं. घेतल्या असतीलच तर ओशाळू नका, पाकीट सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.

“नजर लागली” म्हणून दृष्ट काढायची असेल तर काढा. त्यात घटकाभर जातो. पण त्यानंतरची पुढची पायरी दवाखान्याची असू द्या.

डॉक्टर काय विचारतात आणि का?

डॉक्टरांपुढे गेलं की आपल्याला वाटतं, यांनी पटकन पाहावं आणि गोळी द्यावी. इथे तसं होत नाही. आधी ते विचारतील, कधीपासून? दुखतं का? एका डोळ्याला की दोन्ही? ताप, वजन कमी होणं, आणखी कुठे गाठी? हे प्रश्न उगाच नसतात.

वर्षाहून जास्त काळ हळूहळू वाढलेली, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा साधी निघते. काही महिन्यांत झपाट्याने वाढलेली, दुखणारी, बधिरपणा आणणारी गाठ असेल तर डॉक्टर कॅन्सरची शंका धरतात, कारण अश्रुग्रंथीचा एक कॅन्सर नसेच्या वाटेनेच पसरतो आणि म्हणून दुखतो. दोन्ही डोळ्यांच्या ग्रंथी सुजल्या असतील तर गाठीपेक्षा अंगातला एखादा दुसरा आजार असू शकतो. मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचं नेहमीचं कारण तर थायरॉइड असतं. लहान मुलांत भुवईच्या बाहेरच्या टोकाशी जन्मापासूनची वेगळीच गाठ असू शकते. म्हणजे एका सुजेमागे किती दारं आहेत बघा. डॉक्टर एकेक दार बंद करत जातात.

मग तपासणी. तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात. बोट फिरवून डोळा सगळीकडे वळतो का पाहतात. एका छोट्या मोजपट्टीने डोळा किती मिलिमीटर पुढे आला ते मोजतात. कापसाच्या टोकाने पापणीला, कपाळाला स्पर्श कळतो का पाहतात. थेंब टाकून आतला पडदा आणि डोळ्याची मुख्य नस दबली आहे का पाहतात. थेंबामुळे काही तास अंधूक दिसतं. त्या दिवशी सोबत कुणीतरी घेऊन जा.

सुरीच्या आधी फोटो

यानंतर आतला फोटो. सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआय. ही पायरी टाळून कुणी थेट चिरायला निघालं तर आपण विचारायचं, “डॉक्टरसाहेब, आधी स्कॅन नको का?” एवढं विचारायचा आपल्याला हक्क आहे.

सीटी स्कॅनमध्ये हाड चांगलं दिसतं. हळू वाढणारी साधी गाठ हाडाला दाबून गुळगुळीत खळगा करते, ओढ्याच्या पाण्याने दगडात होतो तसा. वाईट गाठ हाड कुरतडते, वाळवी लागलेल्या लाकडासारखं. एमआरआयमध्ये मऊ भाग चांगले दिसतात. गाठ कुठवर गेली, कशाला चिकटली, आत पाणीदार भाग किती, घट्ट भाग किती, हे कळतं.

गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर सीटी स्कॅनआधी सांगा. किडनीचं दुखणं असेल, पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर तेही सांगा, कारण कधी कधी शिरेतून औषध देतात. एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक. तिथे अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, साडीची पिन, केसातल्या पिना, सगळं काढावं लागतं. डोळ्यातलं काजळही पुसावं लागतं, त्याने फोटो बिघडू शकतो. तांबी बसवलेली असेल तर सांगा, सहसा तिची अडचण नसते. हृदयात पेसमेकर किंवा हाडात पट्टी असेल तर मात्र आवर्जून सांगा.

मंगळसूत्र आणि जोडव्यांवरून घरात कुरबुर होते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सासूबाईंना सोबतच न्या. अर्धा-पाऊण तास दागिना त्यांच्या पदराच्या गाठीत राहील. मशीन कसं असतं ते त्याही पाहतील, आणि गावात आल्यावर दहा जणींना समजावून सांगतील.

आता खरी गोम ऐका. एवढे महागडे फोटो काढूनही डॉक्टर म्हणतात, “गाठ साधी दिसते, पण नक्की कोणती ते सांगता येत नाही.” आपल्याला राग येतो, पण ते खरं सांगत असतात. अश्रुग्रंथीत जी साधी गाठ जास्त आढळते ती ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींची असते. ती आणि श्वानोमा, दोघी फोटोत जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोघी गोल, दोघी गुळगुळीत, दोघी हाडात खळगा करणाऱ्या.

तुकडा की अख्खी गाठ?

आजच्या भाषणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. इतर ठिकाणची गाठ असली की आधी तुकडा काढून तपासतात. अश्रुग्रंथीच्या गाठीत हा निर्णय जपून घ्यावा लागतो. ग्रंथीच्या पेशींची जी नेहमीची साधी गाठ आम्ही सांगितली, तिची पिशवी फोडून तुकडा काढला तर पेशी आजूबाजूला सांडतात. मग ती गाठ पुन्हा पुन्हा येऊ शकते आणि पुष्कळ वर्षांनी क्वचित कॅन्सरकडेही वळते. म्हणून लक्षणं आणि फोटो तिच्याकडे बोट दाखवत असतील तर तुकडा न काढता, पिशवी न फोडता, अख्खी गाठ काढतात. अंडं फोडताना आपण बलक फुटू देत नाही, तसंच.

श्वानोमा तिच्यासारखीच दिसते, म्हणून बऱ्याचदा तीही अशीच अख्खी काढली जाते आणि खरं नाव नंतरच कळतं. उलट सूज, रक्तपेशींचा आजार किंवा कॅन्सर अशी शंका असेल तर मात्र आधी तुकडा काढणंच योग्य. तेव्हा ‘तुकडा काढलाच पाहिजे’ किंवा ‘काढूच नये’ असा एकच नियम नाही. आपण विचारायचं ते एवढंच: “तुम्हाला कोणत्या गाठीची शंका आहे? तुकडा काढणार की पूर्ण गाठ? का?” ज्यांना डोळ्याच्या खोबणीतल्या शस्त्रक्रियेची सवय आहे अशाच डॉक्टरांकडे हे काम सोपवायचं.

शस्त्रक्रियेत पापणीच्या घडीतून किंवा डोळ्याच्या बाहेरच्या बाजूने जातात. गाठ खोल असेल तर हाडाचा छोटा भाग काढून पुन्हा बसवतात. “डोळा काढणार का?” ही भीती प्रत्येकीला असते. अशा साध्या गाठीसाठी डोळा काढत नाहीत. ग्रंथीचा भाग गेला तर डोळा कोरडा पडू शकतो आणि थेंब वापरावे लागतात. पण पापणीच्या आत बारीक बारीक आणखी ग्रंथी असतात, त्या रोजचा ओलावा देत राहतात.

गाठीचं नाव कुठे ठरतं?

गाठ बाहेर आली तरी काम संपलं नाही. ती फॉर्मेलिन नावाच्या औषधाच्या बाटलीत ठेवून पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत पाठवतात. कधी कधी ही बाटली नातेवाईकांच्या हातात देतात. तेव्हा डोळ्यात तेल घालून पाहा की बाटलीवर नाव, तारीख, कोणता डोळा हे लिहिलं आहे. बाटलीतलं औषध ओतून साधं पाणी भरू नका, आणि “साधीच आहे म्हणाले” म्हणून ती घरी आणून ठेवू नका. तपासणीच्या खर्चाला घाबरून फेकूनही देऊ नका. न तपासलेल्या गाठीला नाव नसतं.

प्रयोगशाळेत गाठ मेणात बसवतात. तिचे केसाहून कितीतरी पातळ काप काढतात, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. श्वानोमात दोन भाग दिसतात. एका भागात लांबट पेशी दाटीने बसलेल्या, दुसऱ्यात विरळ, पाणचट. दाट भागात मध्येच पेशींच्या दोन रांगा समोरासमोर आणि मध्ये मोकळी जागा. पंगतीत समोरासमोर दोन ओळी बसतात ना, अगदी तसं. जोसे व्हेरोके नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये ही रचना वर्णन केली. तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. न्यूरोफायब्रोमात अशी पंगत नसते. तिथे नागमोडी पेशी आणि तंतू एकमेकांत मिसळलेले असतात.

तरीही शंका राहिली तर एस-१०० नावाची खास रंगाची तपासणी करतात. नसेच्या आवरणाच्या पेशी हा रंग धरतात. श्वानोमात जवळजवळ सगळ्याच पेशी रंगतात, न्यूरोफायब्रोमात काही रंगतात, काही नाही. पण दुसऱ्या काही गाठीही हा रंग धरतात, म्हणून पॅथॉलॉजिस्ट एका रंगावर निकाल देत नाहीत. सगळं जुळवून पाहतात. पेशी वेगाने वाढत आहेत का, तेही पाहतात. फार जुन्या श्वानोमात काही पेशी इतक्या वेड्यावाकड्या दिसतात की नवख्याला कॅन्सर वाटावा. म्हणून शंका असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेण्यात काही गैर नाही. मेणाचे ठोकळे आणि काचेच्या पट्ट्या मागून घेता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसऱ्या मतासाठी अशा पट्ट्या तपासतात.

या कामाचा आपल्या महाराष्ट्राला मोठा वारसा आहे. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. त्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. कॅन्सरबरोबर त्यांनी कुष्ठरोगाचाही खोल अभ्यास केला, तो रोग नसांमध्ये कसा शिरतो हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कुष्ठरोगाचे जंतू याच श्वान पेशींत घर करतात. आशाताई सर्वेक्षणाला आल्या की अंगावरच्या बधिर चट्ट्याबद्दल विचारतात, त्याचं मूळ हेच. पण घोटाळा करू नका. आपण बोलतो आहोत ती गाठ म्हणजे कुष्ठरोग नव्हे. ती जंतूंमुळे होत नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही. तिचं ताट, तिचा टॉवेल वेगळा करायची गरज नाही.

अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील तर

आता आयांसाठी दोन शब्द. हराळीसारखी पसरणारी न्यूरोफायब्रोमा बहुतेक वेळा एका जन्मजात आजाराचा भाग असते. त्याचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. साधारण तीन हजार जन्मांमागे एका बाळात तो असतो. लहानपणीच अंगावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग दिसतात. एखाद-दुसरा डाग कुणालाही असतो, त्याची काळजी नको. पण सहा किंवा जास्त डाग असतील, वयात येण्याआधी प्रत्येक डाग पाच मिलिमीटरहून मोठा, वयात आल्यावर पंधरा मिलिमीटरहून मोठा असेल, काखेत ठिपके असतील, आणि एक पापणी जाड, लोंबलेली असेल, तर मूल दाखवायलाच हवं. लहान वयात पापणीने डोळा झाकला राहिला तर त्या डोळ्याला पाहायची सवयच लागत नाही आणि तो मंद राहतो.

आपल्या राज्यात २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. अंगावरचे डाग स्वतः दाखवा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. असं मूल जन्मलं की बोट आईकडे जातं. “गरोदरपणी ग्रहण पाहिलं असेल, विळी हातात घेतली असेल.” हे खोटं आहे. हा आजार एका जनुकातल्या बदलामुळे होतो. साधारण निम्म्या मुलांत तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो, निम्म्यांत घरात कुणालाही नसताना नव्यानेच होतो. त्यात कुणाचाही दोष नसतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला येण्याची शक्यता निम्मी असते. याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येतं.

कुठे जायचं?

पहिली पायरी आशाताई आणि आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून चिठ्ठी घ्या. पुढे जाफराबादचं ग्रामीण रुग्णालय, मग जालन्याचं जिल्हा रुग्णालय. जालन्यात श्री गणपती नेत्रालय हे डोळ्यांचं मोठं रुग्णालयही आहे. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि गरज पडली तर मुंबई. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. घरात कुणी नाही म्हणत असेल तर गटातली एक बाई सोबत जाऊ द्या. आपण कर्जाला एकमेकींच्या जामीन राहतो, दवाखान्याला सोबत जायला काय हरकत?

नजर अचानक कमी झाली, डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, ताप आला, तर मात्र पायऱ्या मोजत बसू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

सगळे कागद, स्कॅनचे फोटो, गाठीचा अहवाल एका पिशवीत ठेवा. ती पिशवी सातबाऱ्यासारखी जपा. पूर्ण काढलेली श्वानोमा सहसा परत येत नाही, तरी सांगितलेल्या तारखांना दाखवायला जायचं. पाच वर्षांनी काही झालं तर तोच अहवाल नव्या डॉक्टरांना वाट दाखवतो. अहवालात ‘बिनाइन’ लिहिलं असेल तर गाठ साधी. ‘मॅलिग्नंट’ लिहिलं असेल तर पुढचा उपचार लगेच विचारायचा. ही दोन नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. एकमेकींच्या मागे उभ्या राहून कपाळावरून डोळे पाहा. कुणाचा एक डोळा वेगळा वाटला तर घाबरवू नका. “कॅन्सर आहे” म्हणू नका, “काही नाही” असंही म्हणू नका. त्या दोन्ही गोष्टी सांगायचा अधिकार आपला नाही, तो सूक्ष्मदर्शकाचा आहे. आपण एवढंच म्हणायचं: “दुखत नाही हे चांगलं आहे. पण आजच आशाताईंना विचारू. मी येते तुझ्यासोबत.”

डोळ्यांची काळजी घ्या, मैत्रिणींनो. नमस्कार.